लघवीच्या एनएमआरमध्ये ९.१२ चं पीक: कॉफी न पिणाऱ्यांकडे हे आलं कुठून?

सूरसागरकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

मी बडोद्यात पीएच.डी. करते. टाइप २ मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या लघवीतले मेटाबोलाइट (शरीरातल्या रासायनिक क्रियांतले छोटे रेणू) प्रोटॉन एनएमआरने, म्हणजे न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सने, ओळखायचे, हा माझा विषय. स्वयंसेवक शहरातलेच आहेत, बरेचसे दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर भागातले. एथिक्स कमिटीची परवानगी आणि प्रत्येकाची लेखी संमती आहे. सगळी सॅम्पल जानेवारीत, उत्तरायणाच्या आगेमागे घेतली.

तयारी नेहमीचीच. सकाळची पहिली लघवी, लगेच बर्फात, सेंट्रिफ्यूज करून वरचा स्वच्छ भाग उणे ८० अंशांवर. मोजायच्या दिवशी ५४० मायक्रोलिटर लघवीत ६० मायक्रोलिटर फॉस्फेट बफर. बफर डी-टू-ओमध्ये (जड पाण्यात), पीएच ७.४, त्यातच शून्याच्या खुणेसाठी टीएसपी आणि जंतू वाढू नयेत म्हणून किंचित सोडियम अ‍ॅझाइड. ५ मिलिमीटरची ट्यूब, ३०० केल्विन, पाण्याचा सिग्नल प्रीसॅच्युरेशनने दाबलेला. मशिन ६०० मेगाहर्ट्झचं.

स्पेक्ट्रमचा मोठा भाग वाचता येतो. क्रिएटिनिन ३.०५ आणि ४.०६ ला, सायट्रेटच्या चार रेषा २.५ ते २.७ च्या दरम्यान, हिप्युरेट ७.५ ते ७.९ मध्ये, अ‍ॅलॅनिनचं डब्लेट (दोन रेषांची जोडी) १.४८ ला, लॅक्टेटचं १.३३ ला. अडलंय ते ८ च्या पलीकडे. मधुमेही गटातल्या बऱ्याच सॅम्पलमध्ये ९.१२ ला एक स्वच्छ सिंग्लेट (एकच रेषा) आहे आणि ८.८४ ला एक गुंतागुंतीचं मल्टिप्लेट (अनेक रेषांचा गुच्छ). दुसऱ्या गटात हे क्वचित दिसतं, आणि दिसलं तरी बारीक. दोन गट वेगळे करणाऱ्या सिग्नलची यादी काढली तर हेच सगळ्यात वर येतं.

डेटाबेसमध्ये शोधल्यावर पहिलं नाव आलं ट्रायगोनेलिन, त्याच्या पाठोपाठ १-मिथाइलनिकोटिनामाइड. मधुमेहात निकोटिनामाइडच्या (ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप) मार्गात बदल होतात असं आधीच्या कामांत नोंदलेलं आहे, त्यामुळे आमच्या लॅबमध्ये सगळे खूश आहेत. मला मात्र झोप लागत नाहीये. लघवीतल्या ट्रायगोनेलिनपुढे पेपरांमध्ये हमखास ‘कॉफी पिणारे’ असं लिहिलेलं असतं. आमचे लोक सकाळ-संध्याकाळ चहा घेणारे. कॉफी कुणाच्या घरात असलीच तर पाहुण्यांपुरती.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नाव पक्कं करण्यासाठी काय काय करायला हवं? आणि नाव पक्कं झाल्यावर हे आजारातून आलंय की ताटातून, हे कसं ठरवायचं?

---

मांडवीकर

ताई, मी या क्षेत्रातला नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. गेल्या वर्षी आईच्या मेंदूचा एमआरआय झाला तेव्हा रिपोर्टसोबत एक वेड्यावाकड्या रेषेचा कागद होता. त्यावर एनएए, कोलीन, क्रिएटीन असं लिहिलेलं. ते हेच तंत्र का? आणि ९.१२ म्हणजे ९.१२ काय?

---

लोहचुंबक

मांडवीकर, तत्त्व तेच. हायड्रोजनच्या अणूचं केंद्र म्हणजे एक प्रोटॉन. बलवान चुंबकीय क्षेत्रात ठेवला की तो ठरावीक वारंवारितेच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतो. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये हे स्वतंत्रपणे दाखवलं आणि १९५२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. क्षेत्र १४.१ टेस्ला असेल तर प्रोटॉन ६०० मेगाहर्ट्झला बोलतात. दवाखान्यातल्या ३ टेस्लाच्या मशिनमध्ये ते सुमारे १२८ मेगाहर्ट्झला बोलतात. आईंच्या कागदावर एनएएचं पीक २.० च्या जवळ असेल, क्रिएटीन ३.० आणि कोलीन ३.२ च्या जवळ. जिवंत मेंदूत या रेषा रुंद आणि एकमेकींत मिसळलेल्या असतात. ट्यूबमधल्या लघवीत त्याच रेषा सुईसारख्या बारीक येतात, म्हणून शेकडो सिग्नल वेगळे वाचता येतात.

आता ९.१२. सगळेच प्रोटॉन नेमक्या एकाच वारंवारितेला बोलले असते तर रसायनशास्त्राला या यंत्राचा काही उपयोग नव्हता. पण प्रत्येक प्रोटॉनभोवतीचे इलेक्ट्रॉन त्याच्यापर्यंत पोचणारं क्षेत्र किंचित बदलतात. तो फरक दहा लाख भागांत मोजतात, तेच पीपीएम. टीएसपीला शून्य धरलं तर ६०० च्या मशिनवर ९.१२ म्हणजे ५४७२ हर्ट्झ पुढे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण आपल्याकडे ती फार कमी जणांना ठाऊक आहे. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी इथेनॉलच्या एकाच रेणूतले तीन प्रकारचे प्रोटॉन तीन वेगळ्या सिग्नलमध्ये दाखवले. रेणूची ओळख एनएमआरने पटवता येईल हे तिथे डोळ्यांना दिसलं. त्यातले धर्मट्टी पुढे मुंबईला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आले आणि त्यांनी तिथे एनएमआरचं काम उभं केलं.

सूरसागरकाठ, तुझ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, थोडा वेळ दे.

---

आकडेमोड

तोवर मी एक विचारतो. गटांची तुलना करण्याआधी नॉर्मलायझेशन कशाने केलं? लघवी कुणाची पातळ, कुणाची दाट.

---

सूरसागरकाठ

क्रिएटिनिनने. ३.०५ च्या पीकचं क्षेत्रफळ धरून.

---

आकडेमोड

मग आधी इथे थांबा. तुमच्या मधुमेही गटातले किती लोक मेटफॉर्मिनवर आहेत? मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, आहे तसं लघवीत उतरतं. त्याच्या दोन मिथाइलचं सिंग्लेट ३.०४ च्या आसपास, म्हणजे क्रिएटिनिनच्या अगदी अंगावर येतं. तुम्ही ज्याने भागाकार करताय त्यात औषध मिसळलेलं असेल तर मधुमेही गटातलं प्रत्येक मेटाबोलाइट खोटंच कमी दिसेल.

तपासायला सोपं आहे. क्रिएटिनिनचा मिथाइल ३.०५ ला, तीन प्रोटॉन. सीएच-टू ४.०६ ला, दोन प्रोटॉन. क्षेत्रफळांचं प्रमाण ३:२ यायला हवं. ३.०५ ची बाजू भारी झाली की समजायचं आत दुसरं कुणीतरी आहे.

एकूण क्षेत्रफळाने नॉर्मलाइझ करायचा विचार असेल तर तोही सोडा. लघवीत साखर असली की ३.२ ते ३.९ मधली जागा ग्लुकोजच व्यापतं. ‘ग्लिफ्लोझिन’ जातीची औषधं घेणाऱ्यांच्या लघवीत तर रक्तातली साखर आटोक्यात असतानाही भरपूर ग्लुकोज असतं, कारण ती औषधं मुळात तेच काम करतात. पीक्यूएन पद्धत (संदर्भ स्पेक्ट्रमशी प्रत्येक सिग्नलचं गुणोत्तर काढून त्यांच्या मध्यकाने भागायचं) वापरून बघा, आणि ग्लुकोजचा पट्टा वगळून.

---

सूरसागरकाठ

मेटफॉर्मिनवर बरेच जण आहेत. प्रमाण तपासून पुन्हा गणित करते. म्हणजे ९.१२ चा फरक खरं तर आत्ता दिसतोय त्याहून मोठा निघू शकतो, बरोबर?

---

आकडेमोड

हो, त्याच दिशेने जाईल.

---

लोहचुंबक

आता नाव पक्कं करण्याबद्दल. पीकची जागा जुळली म्हणून रेणूचं नाव लिहून टाकणं म्हणजे वाड्याच्या पाटीवरचं आडनाव वाचून आत कोण राहतं ते सांगणं. दांडिया बाजारात एका आडनावाची दहा बिऱ्हाडं सापडतील. म्हणून एकमेकांवर अवलंबून नसलेले पुरावे गोळा करायचे.

पहिला पुरावा म्हणजे रेणूचे सगळे प्रोटॉन हजर आहेत का. ट्रायगोनेलिन म्हणजे निकोटिनिक आम्ल, ज्याच्या रिंगमधल्या नायट्रोजनवर मिथाइल बसलेला आहे. त्याला चार जागी सिग्नल यायला हवेत: ९.१२ ला सिंग्लेट, एक प्रोटॉन, ८.८४ ला दोन प्रोटॉन एकत्र, ८.०८ ला एक. आणि नायट्रोजनवरचा मिथाइल ४.४४ ला, तीन प्रोटॉन. तू दोनच लिहिलेस. बाकीचे दोन शोध. १-मिथाइलनिकोटिनामाइडचे सिग्नल ९.२८, ८.९७, ८.९०, ८.१८ आणि ४.४८ ला असतात. ९.१२ आणि ९.२८ मध्ये ६०० च्या मशिनवर ९६ हर्ट्झचं अंतर आहे, पीएच सांभाळलेला असताना ही गल्लत व्हायला नको. सॉफ्टवेअरमध्ये शोधाची खिडकी रुंद ठेवली असेल म्हणून दोन्ही नावं आली. आणि लघवीत दोन्ही एकाच वेळी असू शकतात हेही लक्षात ठेव. १-मिथाइलनिकोटिनामाइड शरीर स्वतः तयार करतं.

प्रमाणही बघ, १:२:१:३. पण ४.४४ पाण्याच्या शेजारी आहे. प्रीसॅच्युरेशनमध्ये पाण्याबरोबर त्यालाही थोडा मार बसतो, तेव्हा तिथे तीनऐवजी कमी भरलं तर लगेच दुसऱ्या रेणूचा संशय घेऊ नकोस.

पीएचबद्दल तुला या रेणूपुरती काळजी कमी. नायट्रोजनवर मिथाइल कायमचा बसलाय, त्यामुळे तिथे प्रोटॉनची ये-जा होत नाही, आणि कार्बॉक्सिल ७.४ ला पूर्ण आयनित असतं. सायट्रेट किंवा हिस्टिडिन जसं सॅम्पलगणिक सरकतं, तसं हे सरकत नाही. सगळ्या सॅम्पलमध्ये तिसऱ्या दशांशापर्यंत जवळपास एकाच जागी उभं असेल, तर तीही अनुकूल खूण.

दुसरा पुरावा तुझ्याकडे फुकट पडून आहे. सगळी सॅम्पल एकत्र घेऊन ९.१२ च्या उंचीबरोबर आणखी कुठल्या जागा वर-खाली होतात ते बघ. याला स्टॉक्सी म्हणतात, २००५ पासून लोक वापरतात. ८.८४, ८.०८ आणि ४.४४ तिन्ही हातात हात घालून चालले तर उत्तम. एक सावधगिरी: एकाच पदार्थातून आलेले दोन वेगळे रेणूही असे जोडीने वाढतात.

तिसरा पुरावा टू-डी, म्हणजे कोणता अणू कुणाशी जोडलेला ते दाखवणारे दोन अक्षांचे स्पेक्ट्रम. टॉक्सीमध्ये ८.८४ आणि ८.०८ मध्ये क्रॉसपीक दिसायला हवं, कारण ते रिंगवरचे शेजारी. एचएसक्यूसीमध्ये (प्रोटॉन आणि त्याला थेट जोडलेला कार्बन दाखवणारा) ४.४४ च्या प्रोटॉनचा कार्बन पन्नासच्या आसपास सापडेल, नायट्रोजनवरच्या मिथाइलला साजेसा. एचएमबीसी (दोन-तीन बंध दूरचे कार्बन दाखवणारं) मिळालं तर सोन्याहून पिवळं: मिथाइलचे प्रोटॉन नायट्रोजन ओलांडून रिंगमधल्या दोन कार्बनशी जोडलेले दिसतील, आणि मिथाइल कुठे बसलाय हा वादच संपेल. पण निसर्गात कार्बन-१३ चा वाटा १.१ टक्के, तेव्हा सगळ्यात मोठं पीक असलेलं सॅम्पल निवड, फ्रीझ-ड्राय करून कमी डी-टू-ओमध्ये विरघळव, आणि रात्रभर लाव.

चौथा, आणि माझ्या मते याच्याशिवाय काही छापू नये: स्पायकिंग. शुद्ध ट्रायगोनेलिन विकत मिळतं. त्याच बफरमध्ये द्रावण कर, त्याच ट्यूबमध्ये थोडं थोडं घाल, प्रत्येक वेळी स्पेक्ट्रम घे. चारही सिग्नल जागच्या जागी वाढले, कुठे खांदा फुटला नाही, नवी रेषा उगवली नाही, तर ते तेच. दाट (संहत) द्रावण वापर, नाहीतर घालता घालता सॅम्पलच पातळ होईल.

---

पाद्र्याहून

मी मास स्पेक्ट्रोमेट्रीवाला, पादरा रस्त्यावरच्या औषध कंपन्यांच्या पट्ट्यात काम करतो. लोहचुंबक सरांचं सगळं पटलं. माझी बाजू अशी की आमचं तंत्र नॅनोमोलरपर्यंत उतरतं, एनएमआर काही मायक्रोमोलरच्या खाली आंधळं होतं. त्यामुळे ज्या सॅम्पलमध्ये तुम्हाला पीक दिसत नाही, तिथे ट्रायगोनेलिन ‘नाही’ असं लिहू नका. ‘मोजण्याइतकं नाही’ असं लिहा.

वस्तुमानही सांगून ठेवतो. ट्रायगोनेलिनचा प्रोटॉन लागलेला आयन १३८.०५५ ला, १-मिथाइलनिकोटिनामाइड मुळातच धन आयन, तो १३७.०७१ ला. आमच्याकडे या दोघांत गोंधळ होऊच शकत नाही.

---

लोहचुंबक

पाद्र्याहून, बरोबर. संवेदनशीलतेत एनएमआर मागे का, तेही सांगतो. खोलीच्या तापमानाला १४.१ टेस्लामध्ये ठेवलेल्या दर दहा लाख प्रोटॉनमागे खालच्या ऊर्जापातळीत जेमतेम पन्नासच जास्तीचे असतात आणि तेवढ्यांचाच सिग्नल आपल्याला मिळतो. बाकीचे एकमेकांना खोडून टाकतात.

पण १३८.०५५ वर एक शंका. सी-सेव्हन एच-सेव्हन एन-ओ-टू या सूत्राचं ट्रायगोनेलिन एकटं नाही.

---

पाद्र्याहून

बरोबर पकडलंत सर. अँथ्रानिलिक आम्ल, पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल, सॅलिसिलामाइड, होमारिन, सगळ्यांचं सूत्र तेच. नुसत्या वस्तुमानावर मी नाव देणार नाही. कॉलममधून बाहेर यायची वेळ आणि आयनाचे तुकडे, दोन्ही शुद्ध नमुन्याशी जुळवावे लागतात. यात होमारिन सगळ्यात त्रासदायक. त्यातही मिथाइल नायट्रोजनवरच, फक्त कार्बॉक्सिल शेजारच्या कार्बनवर.

---

लोहचुंबक

आणि तिथे एनएमआर एका नजरेत निकाल देतं. होमारिनमध्ये कार्बॉक्सिलने ती जागाच घेतल्यामुळे ९.१२ चा सिंग्लेट देणारा प्रोटॉन शिल्लक राहत नाही. सूरसागरकाठ, तुझ्याकडे तो सिंग्लेट आहे, तेव्हा होमारिन बाद. म्हणून ही दोन तंत्रं एकमेकांना धरून वापरायची. ओळखीचे स्तर ठरवणारे २००७ चे निकष आहेत, त्यात पहिल्या स्तरासाठी शुद्ध नमुन्याशी किमान दोन स्वतंत्र गुणधर्म जुळावे लागतात.

---

कामाठीबाग

मी निवृत्त शिक्षिका, बासष्ट वर्षांची. तुमची यंत्रं मला कळत नाहीत, पण ‘ताटातून’ हा शब्द वाचून लिहायला बसले. अगं पोरी, जानेवारीत बडोद्यात काय खातात? उत्तरायणाला उंधियू, त्यात मेथीचे मुठिये. नाश्त्याला मेथीची ढेबरी. थंडी म्हणून मेथीपाक. आणि मधुमेहाची माणसं तर वेगळीच. आमच्या सोसायटीत साखर निघाली की दुसऱ्या दिवसापासून रात्री वाटीत चमचाभर मेथ्या भिजत पडतात. सकाळी अनशापोटी ते पाणी प्यायचं आणि दाणे चावून खायचे. माझे यजमान बारा महिने घेतात. तुझ्या रेणूचा मेथीशी काही संबंध आहे का, ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगा.

---

लोहचुंबक

मावशी, संबंध आहे, आणि सरळ आहे. ट्रायगोनेलिन पहिल्यांदा मेथीच्या दाण्यांतूनच वेगळं केलं गेलं, एकोणिसाव्या शतकात. कॉफीत आहे, वाटाण्यासारख्या शेंगवर्गीय दाण्यांतही आहे. ज्या देशांत लघवीचं एनएमआर सगळ्यात जास्त झालं तिथे लोकांच्या पोटात ते मुख्यतः कॉफीतून जातं, म्हणून पेपरांमध्ये कॉफी आली. आपल्याकडच्या लोकांसाठी पहिला प्रश्न मेथीचाच विचारायला हवा होता, आणि तो तुम्ही विचारलात.

सूरसागरकाठ, तुझ्या फॉर्ममध्ये काय विचारलं होतंस?

---

सूरसागरकाठ

मावशी, मी किती वेळ तुमचा प्रतिसादच वाचतेय.

फॉर्ममध्ये चहा, कॉफी, मांसाहार, दारू, तंबाखू आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं आहेत. आमच्या विभागात वर्षानुवर्षं चालत आलेला छापील फॉर्म आहे तो. घरगुती उपायांचा रकाना त्यात नाही. म्हणजे मधुमेही गटात जे जास्त दिसतंय ते मधुमेहामुळे नसून मधुमेहावरच्या मेथीमुळे असू शकतं. हे मला उद्याच्या उद्या तपासायचंय.

---

बालवैद्य

मी लहान मुलांचा डॉक्टर, बडोद्यातच. मेथीचा विषय निघालाच आहे तर वैद्यकातलं एक उदाहरण सांगतो, कारण ते अगदी याच जातीचं आहे.

मेपल सिरप युरिन डिसीज नावाचा एक जन्मजात आजार आहे. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्लं मोडण्याची यंत्रणा बाळात नसते, आणि लवकर कळलं नाही तर मेंदूला कायमची इजा होते, जीवही जातो. त्यात लघवीला गोडसर, पाकासारखा वास येतो. तोच वास मेथीतल्या सोटोलोन नावाच्या रेणूचाही असतो. आईने बाळंतपणाच्या आधी मेथी घेतलेली असली की नवजात बाळाच्या अंगाला आणि लघवीला तसा वास येऊ शकतो, आणि निरोगी बाळाबद्दल या आजाराचा संशय घेतला गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आपल्याकडे डिंकाचे नि मेथीचे लाडू म्हणजे बाळंतिणीचा हक्कच.

म्हणून वास आला की मी दोन्ही करतो. आईला मेथीचं विचारतो, आणि रक्तातली अमिनो आम्लं तपासायला लगेच पाठवतो. खऱ्या आजारात ल्युसिन वाढतं आणि अ‍ॅलोआयसोल्युसिन सापडतं. मेथीने ते होत नाही. आईने ‘हो, लाडू खाल्ले’ म्हटलं म्हणून तपासणी टाळायची नाही, हे इथे वाचणाऱ्या प्रत्येक आईवडिलांसाठी ठळकपणे लिहितोय.

---

मांडवीकर

डॉक्टरसाहेब, हे माहीतच नव्हतं. वहिनीची तारीख पुढच्या महिन्यात आहे, घरी सांगून ठेवतो. ताई, पुढे काय झालं ते नक्की लिहा.

---

सूरसागरकाठ

थोडा वेळ गेला, पण आता लिहिण्यासारखं आहे.

मेथीपासून सुरुवात केली. खंडेराव मार्केटमधून साधी मेथी आणली, चमचाभर दाणे रात्रभर पाण्यात ठेवले. सकाळी पाणी पिवळसर आणि किंचित बुळबुळीत झालं होतं. सेंट्रिफ्यूज केल्यावरही ते पिपेटच्या टोकाला तार धरून राहत होतं, त्यामुळे ५४० मायक्रोलिटर नीट मोजायला वेळ लागला. लघवीसारखाच बफर घालून आमच्याकडच्या ४०० मेगाहर्ट्झच्या मशिनवर लावलं. ३.४ पासून ५.५ पर्यंत साखरांची दाटी, शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) करूनही तिथल्या रेषा जाडच. पण ८ च्या पलीकडे सगळं मोकळं, आणि त्या मोकळ्या जागेत ९.१२, ८.८४, ८.०८. पाण्याच्या या बाजूला ४.४४. एका वेळी फक्त चमचाभर दाणे, आणि सिग्नल इतके ठसठशीत की पहिल्या काही स्कॅनमध्येच दिसले.

मग लघवीच्या जुन्या स्पेक्ट्रात ८.०८ आणि ४.४४ शोधले. ज्या सॅम्पलमध्ये ९.१२ आहे त्या सगळ्यांत दोन्ही आहेत. ४.४४ चं क्षेत्रफळ तीनपेक्षा कमीच भरतं, सरांनी सांगितल्याप्रमाणे. स्टॉक्सीत चारही जागा एकत्र चालतात. ९.२८ चं पीकही बऱ्याच सॅम्पलमध्ये आहे, बारीक, आणि ते ९.१२ बरोबर हलत नाही. म्हणजे १-मिथाइलनिकोटिनामाइड वेगळं आहे आणि आपल्या चालीने चाललंय.

आकडेमोड, क्रिएटिनिनचं प्रमाण मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत खरंच ३:२ च्या वर निघालं. आता ४.०६ चं पीक आणि पीक्यूएन दोन्ही वापरून गणित केलंय. उत्तरं एकमेकांशी जुळतात.

आणि मुख्य गोष्ट. कमिटीकडून फॉर्ममध्ये पुरवणी मंजूर करून घेतली आणि स्वयंसेवकांना पुन्हा भेटले. मोठं पीक असलेल्यांपैकी बहुतेकांनी ‘भिजवलेली मेथी, रोज’ असं सांगितलं. एक काका म्हणाले, “ते काय औषध आहे का सांगायला? ते तर घरचंच.” मधुमेह नसलेल्या गटात ज्यांच्याकडे पीक होतं त्यांच्याकडे मेथीपाक नाहीतर आदल्या रात्रीची ढेबरी निघाली.

---

कामाठीबाग

त्या काकांचं बरोबर आहे गं. डॉक्टरने लिहून दिलं तर औषध. स्वयंपाकघरातल्या डब्यातून काढलं ते औषध म्हणून कुणी मोजत नाही. तुमच्या फॉर्ममध्ये कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, दालचिनी, ओवा, कडुनिंब हे सगळं नाव घेऊन विचार. ‘आणखी काही घेता का’ म्हटलं की उत्तर ‘नाही’च येणार.

---

लोहचुंबक

छान काम केलंस. आता दोन गोष्टी राहिल्यात. स्पायकिंग लघवीतच कर, मेथीच्या पाण्याशी तुलना त्याच्या जागी चालणार नाही. मेथीच्या पाण्यात इतर शंभर गोष्टी आहेत, तिथले आयन वेगळे, दाटपणा वेगळा. दुसरं, ज्यांची तयारी असेल अशा काही जणांना थोडे दिवस मेथी बंद करायला सांगून पुन्हा सॅम्पल घेता येईल का ते कमिटीला विचार, आणि त्यांच्या डॉक्टरांनाही. पीक उतरलं आणि साखर होती तशीच राहिली, तर कारण आणि परिणाम वेगळे करता येतील. नुसत्या प्रश्नोत्तरांवर ‘मेथीमुळेच’ असंही लिहू नकोस.

---

सूरसागरकाठ

सर, स्पायकिंग पुढच्या आठवड्यात. शुद्ध ट्रायगोनेलिन मागवलंय. मेथी थांबवण्याच्या भागासाठी अर्ज करते.

माझ्या मनात अजून एक आहे. लॅबमध्ये चर्चा अशी की हे पीक यादीतून काढून टाकावं आणि बाकीचं छापावं. मला ते पटत नाही. मधुमेह झाल्यावर आपली माणसं काय खातात, किती नियमाने खातात, याची मोजता येणारी खूण आहे ती. बडोद्याच्या लघवीचा स्पेक्ट्रम परदेशातल्या डेटाबेसपेक्षा वेगळा का दिसतो, हे कुणीतरी लिहायला हवं. पुढचा विद्यार्थी पुन्हा हेच नवं बायोमार्कर म्हणून घेऊन बसायला नको.

---

आकडेमोड

काढू नका. विश्लेषण दोन्ही प्रकारे करा, मेथी घेणारे धरून आणि वगळून, आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी द्या. वगळल्यावर ९.२८ चा फरक टिकतो का ते बघा. टिकला तर तुमच्या निकोटिनामाइडच्या मार्गाबद्दल बोलायला तेच जास्त भरवशाचं, कारण ते शरीरात तयार होतं.

---

सूरसागरकाठ

हे फार उपयोगी आहे. तसंच करते.

पुरवणी फॉर्मचे प्रश्न कुणाला हवे असतील तर: गेल्या तीन दिवसांत मेथी कोणत्या रूपात घेतली (दाणे, पाणी, भाजी, ढेबरी, मेथीपाक, लोणच्याचा मसाला) आणि शेवटची केव्हा, कॉफी, वाटाणे, तूर, पापडीच्या शेंगा, मावशींनी सांगितलेले सगळे घरगुती उपाय एकेक नाव घेऊन, पॅरासिटामॉल किंवा कुठलीही दुकानातून आणलेली गोळी, बाटलीबंद सॉस, सरबत, लोणचं, कारण त्यातल्या बेंझोएटचं शरीरात हिप्युरेट होतं, आणि सॅम्पल देण्याआधी हाताला सॅनिटायझर लावलं का, कारण त्यातल्या इथेनॉलचं ट्रिप्लेट १.१८ ला येतं.

---

पाद्र्याहून

यात कोळंबी आणि शिंपल्यांचा प्रश्न वाढवा. होमारिन समुद्री जिवांत असतं. माझ्याकडे सॅम्पल पाठवणार असाल तर १३८.०५५ वर कुणाचा आयन आहे हे ठरवताना मला ते लागेल.

---

सूरसागरकाठ

वाढवला. स्पायकिंग झालं की निवडक सॅम्पल कमिटीच्या परवानगीने कोड नंबर घालून पाठवते.